बँकेच्या दारातला दिवा

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ज्या खोलीत प्राण सोडला तिथला पंखा आम्ही सहा दिवस लावलेला नाही. जालन्यातला उकाडा, त्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पण कोपऱ्यात ज्वारीच्या पिठावर ठेवलेली पणती वाऱ्यानं विझायला नको. वातीचं तोंड दक्षिणेला आहे. भाचा पुण्याहून आला आहे, त्यानं काल हळूच सुचवलं की मावशी, बॅटरीवरची पणती मिळते हल्ली, अगदी खरी वाटते, पडदे जवळ आहेत म्हणून म्हणतो. चांगल्या मनानं म्हणाला. मी नको म्हटलं आणि का नको ते सांगायला गेले, तर ते फार लांबून सुरू करावं लागेल असं लक्षात आलं. पार बँकेपासून. म्हणून त्याला चहा करून दिला आणि वही घेऊन इथं बसले. दिव्यापाशी कुणीतरी बसायचं असतंच. मी वाचत बसते, आणि अक्षरं डोळ्यांपुढून सरकायला लागली की लिहिते.

आमचं तेव्हाचं घर बाजारातल्या बँकेच्या मागच्या गल्लीत होतं. सकाळ सुरू व्हायची ती बँकेच्या शटरच्या आवाजानं. पिराजी ते तीन झटक्यांत वर न्यायचा. दुसऱ्या झटक्याला ते अडायचं, मग तो त्याला काहीतरी बोलायचा आणि तिसऱ्याला ते खडखडत वर जायचं. त्या आवाजावर आई चुलीवर तवा ठेवायची. मग समोरच्या पेटीवाल्याची हातोडी सुरू व्हायची, पत्र्याच्या ट्रंका ठोकून ठोकून चौकोनी होत राहायच्या, आणि बियाण्याच्या दुकानांपुढे हातगाड्या लागायच्या. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या हातोडीच्या तालावर मी किती पुस्तकं वाचली असतील कोण जाणे. आजही आजूबाजूला फार शांत असलं की माझं वाचनात लक्ष लागत नाही.

बँक छोटी होती, सहकारी, गावातल्याच लोकांनी काढलेली. दोन काउंटर, एक तिजोरीची खोली, अण्णांच्या बसण्यासाठी प्लायवूडचा एक आडोसा, कारण ते मॅनेजर होते, आणि पुढच्या दालनात लोड-तक्क्यांची बैठक. ही बैठक मारवाडी व्यापाऱ्यांसाठी. तीन-चार पिढ्या जालन्यात काढलेली ही माणसं मराठी आमच्याइतकंच बोलायची, पण खुर्चीवर बसून पैशाचं बोलणं त्यांना जमायचं नाही. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलं की मग व्यवहार सुचायचा.

पिराजी बँकेचा चपराशी, आणि रात्रीचा राखणदारही तोच. मूळचा केदारखेड्याचा. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं, एक पुतण्या गावी शेती करायचा. शटर आणि आतलं जाळीचं दार यांच्यामध्ये चार हातांची जागा होती, तिथं त्याचं अंथरूण. कपडे, ताटली, तांब्या सगळं एका ट्रंकेत. जेवण सकाळी आमच्याकडे. आईच्या हातच्या शेंगोळ्यांवर त्याचा फार जीव. कुळथाच्या पिठाच्या त्या वळलेल्या कड्या लसणाच्या रश्शात शिजत असल्या की तो मागच्या दारात उभा राहून म्हणायचा, "वैनी, वास बँकेपर्यंत आल्ता, तिकडं कॅशियरसाहेबाचं मोजायचं चुकून राह्यलं." मला तो मास्तरीण म्हणायचा. वाचनालयातून माझी पुस्तकं बदलून आणायचं काम त्यानं आपण होऊन घेतलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे जाड पुस्तक म्हणजे चांगलं पुस्तक हा त्याचा हिशेब. त्या हिशेबानं त्यानं मला बऱ्याच थोर लेखकांपर्यंत नेलं, आणि एकदा पशुवैद्यकाच्या एका ग्रंथापर्यंतही.

दुपारी अण्णा जेवायला घरी यायचे ते खिशात एखादं परिपत्रक घेऊन. येसराची आमटी आणि भाकरी, तोंडी लावायला कांदा, आणि परिपत्रकाचं वाचन. ही परिपत्रकं यायची ती देशाच्या मध्यवर्ती बँकेकडून. तिचं लांबलचक नाव घरात कुणी घेत नसे. अण्णा तिला 'वरची बँक' म्हणायचे. वरच्या बँकेनं असं कळवलंय, वरच्या बँकेला हे चालणार नाही. लहान असताना मला ती खरोखरच वर, ढगांच्या जरा खाली कुठेतरी असेल असं वाटायचं.

"बँकांची बँक आहे ती," अण्णा म्हणायचे. "जसा पिराजी आपले पैसे माझ्याकडं ठेवतो, तसे आम्ही तिच्याकडं ठेवतो. सरकारसुद्धा तिच्याकडंच ठेवतं."

"आन् ती कुठं ठेवते?" आईनं विचारलं.

"तिला ठेवायची गरज न्हाई. नोटा तीच छापते."

"मंग सोपं काम आहे की."

"छापणं सोपंच आहे ग. न छापणं अवघड. सगळे मागून राह्यले, आणि तिनं मोजूनमापून द्यायचं. जास्ती दिलं तर तुझी डाळ महाग. कमी दिलं तर समोरच्या पेटीवाल्याचा धंदा बंद."

आई जाफराबादकडची. शाळा चौथीपर्यंत, पण तिला घर चालवायचं कळत होतं, त्यामुळे बाकीचंही कळायचं. ज्वारी दळायला काढली की प्रत्येक मापामागे ती एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. त्या डब्याला हात लावायचा नाही. पाहुणे आले, महिनाअखेर आली, तरी नाही. अण्णांनी तिला एकदा समजावलं की वरची बँक आमच्याकडून हेच करून घेते; लोकांनी ठेवलेल्या प्रत्येक रुपयामागे एक मूठ बाजूला. फरक इतकाच की डबा तिच्या नजरेखाली राहतो. बाकीच्या पैशांची आम्ही कर्जं देतो, जिनिंगवाल्याला, बियाणेवाल्याला, म्हणजे ते तिजोरीत पडून नसतात, गावात फिरत असतात. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे सासू आहे म्हना की तुमच्या बँकेची."

"सासू न्हाई. आईसारखी समज."

"आई आसती तर तिच्या मानसानं आपल्या घरी घोटभर चहा पेला आसता."

हा टोला कामत साहेबांना होता. वरच्या बँकेकडून तपासणीसाठी दर वर्षी कुणीतरी यायचं, आणि लागोपाठ तीन वर्षं तेच आले. मुंबईचे, उंच, कोरडे, बाहीला कधी सुरकुती नसलेले. आठवडाभर बँकेत बसून ते प्रत्येक खतावणी उलटी-सुलटी करायचे. पाण्याची बाटली स्वतःची, डबा लॉजवरून. चहा नाही, सुपारी नाही. पहिल्या वर्षी आईनं मोसंबीचा रस पाठवला होता. जालन्याची मोसंबी, आणि तीही घरी सोललेली. तो पेला तसाच परत आला, वर झाकलेल्या रुमालासकट. पिराजी तो पेला धरून मागच्या दारात इतका ओशाळून उभा होता की जणू त्यानंच नको म्हटलं होतं. "साहेब म्हनले, नियम हाय," तो म्हणाला. आईनं तो रस पिराजीलाच प्यायला लावला. पण पुढं कितीतरी वर्षं ती वरच्या बँकेचं नाव निघालं की आधी तो पेला आठवायची. अण्णा मात्र कामत साहेबांची बाजू घ्यायचे. "ज्याची तपासणी करायची त्याच्या घरचं खाल्लं की डोळे मऊ होतात," म्हणायचे.

त्या वर्षी थंडी संपता संपता एका सकाळी शटरचा आवाज आलाच नाही. आई तवा हातात घेऊन थांबली. अण्णा मागच्या दारानं बँकेत गेले. पिराजी त्याच्या चार हातांच्या जागेत झोपल्यासारखा होता. अण्णांनी आणि कॅशियरनी त्याला उचलून बैठकीच्या गादीवर आणलं, डॉक्टरला बोलावलं, पण तो पहाटेच कधीतरी गेला होता. दुपारी पुतण्या आला, नामदेव. अंत्यविधी झाले. संध्याकाळी प्रश्न आला दिव्याचा.

नामदेव म्हणाला, "गावाकडं लावतो घरी."

आईनं मान हलवली. "जिथं जीव गेला तिथं दिवा. धा दिवस. जीव घुटमळतो, त्याला दिसाया पाह्यजे. केदारखेड्याला कसा दिसंल?"

नामदेवनं अण्णांकडं पाहिलं. "साहेब, काकाचं घर म्हंजे ही बँकच व्हती."

अण्णा म्हणाले, "बराबर."

असा तो दिवा बँकेच्या दारात लागला. शटरच्या आत, जाळीच्या दाराला लागून, जिथं पिराजीचं अंथरूण असायचं तिथं. पीठ, त्यावर पणती, वर वारा अडवायला अर्धी टोपली. रात्रंदिवस तेवता राहायला हवा म्हणून मी आणि आई आळीपाळीनं तेल घालायला जायचो. आईनं बैठकीच्या गादीची खोळ काढून धुवायला टाकली आणि गादी उलटी करून पायऱ्यांवर उन्हात घातली. पिराजीच्या मानासाठी अण्णांनी शटर चार दिवस अर्धंच उघडायचं ठरवलं. काम रोजच्यासारखं चालू होतं, लोक वाकून आत यायचे. या सगळ्यांत आम्हाला एक मेलेला माणूस दिसत होता. दुसऱ्या कुणाला दुसरं काही दिसू शकेल हे आमच्या मनातही आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाईसा आल्या. पलीकडच्या गल्लीत राहायच्या. सत्तरीच्या, कपाळापर्यंत पदर, आणि सगळं गाव त्यांना बाईसाच म्हणायचं. त्यांचा मुलगा मोतीलालजी आमच्या बँकेचा संचालक होता. सुनांना न सांगता साठवलेले पैसे त्या आमच्या बँकेत ठेवायच्या आणि महिन्यातून एकदा रिक्षानं येऊन पासबुक भरून न्यायच्या. त्या दिवशी त्या रिक्षातून उतरल्या, पायऱ्यांपाशी थबकल्या, मग आत गेल्या आणि सगळेच्या सगळे पैसे काढून घेऊन गेल्या. कॅशियरला वाटलं, लग्नकार्य असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी तीस-चाळीस माणसं उभी होती. दहा वाजता रांग पेटीवाल्याच्या दुकानापर्यंत गेली, आणि बारा वाजता हातोडी थांबली, कारण पेटीवालाही रांगेत जाऊन उभा राहिला होता. कुणालाच नेमकं काही माहीत नव्हतं. संचालकाच्या आईनं सगळे पैसे काढले, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांनी दोन्ही काउंटर चालू ठेवले. शटर पूर्ण वर करायला लावलं. रांगेतल्यांसाठी माठ ठेवला. कुणालाही उद्या या म्हणायचं नाही, असं कॅशियरला बजावलं. दुपारी ते दोन घास खायला घरी आले. "आज पुरेल," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत पुरेल. नंतर न्हाई."

"मंग तो डबा उघडा की," आई म्हणाली. "येवढी वर्षं मूठ मूठ टाकली ती कशासाठी?"

"मला न्हाई उघडता येत. अर्ज करावा लागतो. डब्यातले सरकारी रोखे तारण ठेवून रोकड मिळते. सकाळीच फोन केलाय, तारही केलीय."

"भूक लागल्यावर अर्ज?"

अण्णा हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

मला बाईसांकडं मुभा होती. त्यांना आलेली पत्रं मी वाचून दाखवायचे, त्या मला मुगाच्या वड्या बांधून द्यायच्या. कुणाला न विचारता मी तिकडं गेले. त्या पाटावर बसून पापड मोजत होत्या. मी सरळच विचारलं, "बाईसा, पैसे का काढले?"

त्यांनी मला जवळ बसवलं. "बेटा, तुझा बाप देवमाणूस आहे. त्याच्यावर राग न्हाई माझा. पण मी आंधळी न्हाई. मी सात वर्षांची होते. भर दुपारी माझ्या बापूजींनी दुकानातली गादी उलटी केली, उंबऱ्यात दीया लावला, आन् मागच्या दारानं घरी आले. आमच्यात तशीच रीत होती. माणूस बुडाला की भरदिवसा दीया लावायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायचं, आता इथं मागू नका, काही राह्यलं न्हाई. आईनं त्या दिवशी चूल पेटवली न्हाई. म्हणाली, आज तो एकच दीया पुरे." त्यांनी पुढचा पापड उचलला. "तुमच्या बँकेत मी तेच पाह्यलं. गादी उलटी, दीया, दार अर्धं बंद."

मला रडू कोसळलं. "बाईसा, तो पिराजीचा दिवा आहे."

"कुणाचा?"

"पिराजी गेला. जिथं गेला तिथं आम्ही दहा दिवस दिवा ठेवतो."

बाईसांच्या हातातले पापड खाली घरंगळले. पिराजी त्यांना हात धरून पायऱ्या चढवायचा. "आन् मला कुणी सांगितलं न्हाई?" असं त्या तीन-चारदा म्हणाल्या. त्या मला म्हणत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

संध्याकाळी मोतीलालजी आमच्या घरी आले. बाईसांकडून त्यांना सगळं कळलं होतं, पण गर्दीला कळायचं बाकी होतं, आणि गर्दी ऐकून घेत नाही हे व्यापारी माणसाला ठाऊक. ते ओसरीवर उभ्या उभ्याच बोलले. "मॅनेजरसाहेब, गादी सीधी करा, दिवा विझवा. पाच दिवस राह्यलेत ना? तुमच्या घरी लावा इथून पुढं. देवाला सगळं कळतं."

अण्णांनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "गादी खुशाल सरळ करा. दिवा हलवायचा नस्तो."

"भाबीजी, हजारो लोकांचा पैसा आहे. एका चपराशासाठी बँक घालवायची का?"

मला वाटलं अण्णा आता चिडतील. ते चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "शेठजी, लोकांना आपण काय सांगून राह्यलो? की तुमचं ठेवलेलं आम्ही जपतो. त्याच दारात पिराजीचं ठेवलेलं गर्दीला भिऊन उचललं, तर मंग उद्या ह्यांचं कशावरून जपू? आणि खरं सांगू, आज विझवला तर लोक म्हणतील, बघा, चोरी पकडली म्हणून लपवला."

"उद्या पैसा पुरला न्हाई तर?"

"तर चूक माझी. राजीनामा लिहून ठेवतो."

आणि त्यांनी तो खरंच लिहिला. त्यांच्या सुबक अक्षरात, समास सोडून, मोतीलालजींच्या समोर. ते गेल्यावर कागद ठेवायला जागा सुचेना तेव्हा त्यांनी तो आईच्या मुठीच्या डब्याखाली सरकवला. आई ते बघत होती. तेलाची बुधली घेऊन बँकेकडं निघाली, तेव्हा मी तिच्या मागं गेले.

दुसऱ्या दिवशी रांग आणखी लांब होती. शहागडकडून, जाफराबादकडून लोक आले होते. एसटीनं बातमी आमच्या तारेपेक्षा जल्दी पोचली होती. अकराच्या सुमारास औरंगाबादहून एक जीप आली आणि तिच्यातून कामत साहेब उतरले, हातात तीच बाटली. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. तासभर आत बसून वह्या पाहिल्या, तिजोरी पाहिली, कर्जांची यादी पाहिली. मोतीलालजी त्यांच्या मागं मागं फिरत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगा ह्यांना. तो दिवा."

कामत साहेब दारापाशी आले. दिव्याकडं पाहिलं. अण्णांनी दोन वाक्यांत सांगितलं. मी जाळीच्या दारामागं तेलाची बुधली धरून उभी होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"दिव्याबद्दल आमच्या नियमांत काही नाही," कामत साहेब म्हणाले. मग दिव्याभोवतीची जागा बघून, "बँकेच्या आवारात माणसानं वस्ती करू नये, याबद्दल आहे. ते मी अहवालात लिहिणार."

"लिहा," अण्णा म्हणाले.

"वह्या स्वच्छ आहेत तुमच्या. मंजुरी मी देतो आहे. रोकड दुपारी येईल." आणि त्यांनी आपली खुर्ची, टेबल बाहेर आणायला सांगितलं. थेट दारात, दिव्याच्या शेजारी. "मी लोकांना दिसलो पाहिजे," म्हणाले. ते तिथं बसून कागदांवर सह्या करत राहिले. कुणी विचारलं की मान वर करून तेच वाक्य सांगायचे, एकाच आवाजात, पुस्तकी मराठीत: "मी मध्यवर्ती बँकेकडून आलो आहे. या बँकेचे व्यवहार मी तपासले आहेत. आज पैसे मिळतील, उद्याही मिळतील." न कंटाळता, न वैतागता. मी मोजायला सुरुवात केली होती, पण चाळीसनंतर सोडून दिलं. मध्येच मान न वळवता ते मला म्हणाले, "तेल कमी झालंय." मी धावत पुढं झाले.

रोकड येऊन तासभर झाला असेल, तेव्हा बाईसा आल्या. हातात चांदीची वाटी. रांगेतल्या माना त्यांच्याकडं वळल्या, कारण सगळं सुरू झालं ते त्यांच्यापासून. त्या दिव्यापुढं खाली बसायला लागल्या तेव्हा आई पुढं झाली. "बाईसा, तूप न्हाई चालत ह्या दिव्याला. साधं तेल."

"तेल दे मंग. माझ्या हातानं घालू दे, बाई. माझ्यापायीच विझायला आल्ता." त्यांनी तेल घातलं, हात जोडले आणि मागं वळून, मोठ्या घरच्या म्हाताऱ्यांना असतो त्या आवाजात रांगेला म्हणाल्या, "पिराजीचा दीया आहे हा. पिराजी गेला. तुम्हाला माहीत होतं का? मला न्हवतं." मग बैठकीच्या सरळ केलेल्या गादीवर जाऊन बसल्या. पैसे परत भरले नाहीत. त्या दिवशी त्या त्यासाठी आल्याच नव्हत्या. पण दुखवट्याला म्हणून दोन म्हातारे व्यापारी रांग सोडून त्यांच्यापाशी येऊन टेकले, मग आणखी चार, आणि बोलणं पिराजीवर गेलं. कुणाची पेटी त्यानं वाहिली, कुणाच्या पोराला शाळेतून आणलं.

रांग काही लगेच मोडली नाही. पुष्कळांनी पैसे नेलेच. पण नोटांची गड्डी हातात पडली की माणूस पायऱ्यांवर घुटमळायचा, आता हे घरी कुठं ठेवू असा प्रश्न तोंडावर घेऊन. चार वाजता पेटीवाला काउंटरपर्यंत पोचला, समोर रचलेल्या गड्ड्या पाहिल्या, "राहू द्या, खात्री झाली," म्हणाला आणि परत गेला. थोड्या वेळानं हातोडी सुरू झाली. अण्णांनी आडोशामागं जाऊन चष्मा पुसला.

दहाव्याला आम्ही नामदेवबरोबर शहागडला गोदावरीवर गेलो. निघण्याआधी आईनं पिठावरची टोपली उचलून पाहिलं. पिठात पुसटशी खूण होती. "पाखराचं पाऊल. पाखराच्या जन्माला गेला," ती म्हणाली. अण्णा वाकून म्हणाले, "उंदीर आहे. तिजोरीचा बंदोबस्त करावा लागेल." आई त्यांच्याशी शहागडपर्यंत बोलली नाही.

कामत साहेबांनी म्हटल्याप्रमाणे अहवालात लिहिलं. आवारात वस्ती करू दिल्याबद्दल मॅनेजरला लेखी समज, आणि त्यापायी अण्णांची एक वेतनवाढ थांबली. आईच्या दृष्टीनं हा पेल्यापेक्षा मोठा अपमान होता. अण्णा म्हणाले, "बराबर लिहिलंय." राजीनामा मात्र कुणी मागितला नाही, आणि आईनं तो डब्याखालून काढलाही नाही. घर सोडताना आम्ही डबा उचलला तेव्हा फळीला चिकटून बसलेला कागद निघाला. त्यावर डब्याच्या बुडाचं गोल वर्तुळ उमटलं होतं आणि सही नेमकी त्याच्या आत होती.

पुष्कळ वर्षांनी एका दुपारी दारात एक वाकलेले गृहस्थ उभे दिसले. एसटीनं आले होते, हातात बाटली नव्हती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती त्यांना. वेरूळ बघायला आले होते, तिथून वाट वाकडी केली. आई आत गेली आणि मुद्दाम आवाज करत भांडी काढायला लागली. कामत साहेब ओसरीवर बसले, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "वहिनी, मोसंबीचा मोसम आहे का?" मोसम नव्हता. त्यांनी दोन कप चहा घेतला. तिसरा आईनं विचारला नाही, आणून ठेवला. तोही घेतला.

शेवटच्या वर्षांत अण्णांना माझ्या फोनचं फार कौतुक होतं. वरची बँक आता थेट मलाच मेसेज पाठवते, गुप्त क्रमांक कुणाला सांगू नका, भूलथापांना बळी पडू नका. मी ते न वाचताच पुसायचे. अण्णा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे. "वाच ग नीट," म्हणायचे. "वरून आलंय. कुणीतरी बसून लिहिलं असेल." जायच्या चार दिवस आधीही त्यांनी एक वाचून घेतला.

भाचा मघाशी पुन्हा डोकावला. मी काय लिहितेय ते विचारलं नाही, चटई ओढून भिंतीला टेकून बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मावशी, तू झोप जरा. मी बसतो. काय करायचं असतं नेमकं?"

काही नाही, म्हटलं. दिसेल असं बसायचं. आणि बघ, तेल कमी झालंय.